झेंड्याचा मान

“खुर्ची तुझी, मान आमचा. ह्यात भांडण्यासारखं काय हाय?”

जयवंतराव पाटील हे इतक्या गोड आवाजात म्हणाले की लांबून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, घरच्या लेकीची समजूत काढतायत. पंधरा ऑगस्टची सकाळ होती. ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणात शाळेची पोरं रांगा धरून उभी होती. झेंडा घडी घालून, मधे झेंडूच्या पाकळ्या भरून, खांबाच्या टोकाला चढवून ठेवला होता आणि त्याची दोरी जयवंतरावांच्या हातात होती. सरपंच मी होते. ते उपसरपंच.

“दोरी सरपंचानं ओढायची असते,” मी म्हणाले.

“कागदावर. गावात न्हाय.” त्यांनी दोरी उगाच जरा हलवली. “सत्तेचाळीस साली ह्या गावात पहिला झेंडा आमच्या आज्यानं लावला. मग बापानं. मग मी. गावाला ठाऊक हाय. विचार कुणालाबी.”

विचारायची गरजच नव्हती. पोळ्याला वेशीतून पहिला बैल पाटलांचा जातो, होळीत पहिली पोळी पाटलांची पडते, आणि त्याच हिशेबानं झेंड्याची दोरीही पाटलांची झाली होती. देश स्वतंत्र झाला आणि आमच्या गावानं तो उचलून पाटलांच्या देवघरात नेऊन ठेवला. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आधीचे सरपंच कुणीही असोत, बाजूला उभे राहून टाळ्या वाजवायचे. त्या वर्षी सरपंचपद आमच्या समाजातल्या बाईसाठी राखीव झालं आणि बौद्धवाड्यातून मी निवडून आले. यशोधरा ओव्हाळ. बारावी पास, नवरा एसटीत कंडक्टर, आणि तोंडानं फटकळ. शेवटची गोष्ट गावाला जरा उशिरा कळली.

मी ग्रामसेवकाकडे बघितलं. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. भाऊसाहेब माइकची वायर तपासण्यात एकदम गढून गेले.

“भाऊसाहेब, तुम्ही सांगा. नियम काय आहे?”

“ताई, नियम नियमाच्या जागी आहे,” ते वायरीकडेच बघत म्हणाले. “आज सणाचा दिवस. नारळ तुम्ही फोडा ना. तुमच्या हातची रांगोळीही सुरेख झालीय.”

रांगोळी. पहाटे उठून मी खांबाभोवती रांगोळी काढली होती, कारण दोरी मी ओढणार या आनंदात मला झोप लागली नव्हती. आता जयवंतराव त्या रांगोळीवर कोल्हापुरी चपला घालून उभे होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्या मागे माझे सासरे उभे होते. आबा. लष्करात आयुष्य काढून, मांडीत एक गोळी घेऊन परत आलेला माणूस. गाव त्यांना मेजर म्हणायचं, जसं गावोगावच्या प्रत्येक फौजीला म्हणतात. त्यांनी जुना कोट चढवला होता, छातीवर पदकं लावली होती. मी निवडणुकीला उभी राहायला तयार नव्हते, मला उभं केलं ते आबांनी. आदल्या संध्याकाळी तर त्यांनी अंगणातल्या लिंबाच्या फांदीला चादर बांधून मला दोरी ओढायला शिकवलं होतं. “ताणायची न्हाय पोरी. एकच झटका. गाठ सुटली पायजे, आन्‌ मान वर. बघायचं त्येच्याकडं, दोरीकडं न्हाय.” चादर सुटून माझ्या डोक्यावर पडली तेव्हा आबा इतके हसले होते की त्यांना ठसका लागला.

आता ते हसत नव्हते. “जयवंता,” ते म्हणाले, “सरपंच ती हाय.”

“मेजर, तुमास्नी आमी कवा कमी मान दिलाय का? पुढच्या रांगेत उभं करतो. पण दोरीचं सोडा.” मग माझ्याकडे वळून, तितक्याच गोडीनं, “जा बाय, बस खुर्चीत. तुज्यासाठीच ठेवलीय.”

खांबाशेजारी खरंच एक खुर्ची होती. प्लास्टिकची, लाल, पाठीवर रुमाल टाकलेला. सरपंचाची खुर्ची.

“माझी ना ही?” मी विचारलं.

“तुझीच.”

“मग बसते.”

आणि मी बसले. जयवंतरावांना वाटलं, झालं, बाई वळणावर आली. त्यांनी भाऊसाहेबांना खूण केली. भाऊसाहेबांनी माइकवर घसा साफ केला आणि ध्वजारोहण माननीय उपसरपंचांच्या शुभहस्ते होईल असं सांगून टाकलं. सरपंच हा शब्दच त्यांनी गिळला. जयवंतरावांनी झटका दिला, झेंडा उलगडला, पाकळ्या माझ्या अंगावर पडल्या. गुरुजींनी हात वर केला आणि पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

मी उठले नाही.

हे लिहायला सोपं आहे. त्या वेळी गुडघे आपोआप ताठ व्हायला लागले होते. बालवाडीपासूनची सवय, सूर कानावर पडला की शरीर उठतं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. समोरच्या रांगेतल्या पोरी गाता गाता माझ्याकडे बघायला लागल्या. एकीचा सूर हुकला. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी “अगं बया” म्हणालं. जयवंतराव हाताची मूठ वळून सरळ उभे होते, पण डोळे माझ्यावर होते आणि त्यांत राग कमी आणि आनंदच जास्त होता. असली संधी मी त्यांच्या हातात आणून देईन असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसणार.

आणि शेजारी आबा. सॅल्यूटमध्ये. टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं तर जेवणाचं ताट हातात घेऊन उभा राहणारा माणूस तो. राष्ट्रगीत चालू असताना ते हलणार नाहीत, बोलणार नाहीत, मला हाताला धरून उठवणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांची कानशिलं लाल झाली होती. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर मी कदाचित उठले असते.

राष्ट्रगीत संपलं. आबांचा हात खाली आला.

“ऊठ,” ते हळूच म्हणाले.

“आता?”

ते वळले आणि लंगडत, पोरांच्या रांगांमधून, घराकडे निघून गेले. मागे जो गिल्ला झाला तो मी सांगत बसत नाही. देशद्रोही हा शब्द आमच्या गावात कुणी कधी उच्चारला नव्हता, त्या दिवशी तो दूधवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. दोरी कुणी हिसकावली हे तोवर सगळे विसरलेही होते.

घरी आले तर आबा कोट काढून खाटेवर बसले होते. पदकं शेजारी रुमालात गुंडाळून ठेवलेली.

“बोला,” मी म्हणाले. “शिव्या द्या, पण बोला.”

“ते गाणं जयवंताच्या बापाचं न्हाय,” ते म्हणाले. “माजं हाय. माज्या संगं पोरं होती, ती बर्फात मेली. त्यांच्यासाठी उभं ऱ्हायचं असतंय. तू जयवंतावर रुसलीस आन्‌ त्यांच्याकडं पाठ केलीस.”

“पाठ केली नाही. बसले.”

“माज्या लेखी एकच.”

“आबा, ते तुमचं आहे म्हणूनच बसले! परक्याचं असतं तर मुकाट्यानं उभी राहिले असते आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या असत्या. आपलं म्हणायचं, आणि आपल्याच दोरीला हात लावायला पाटलाची परवानगी?”

“मग भांडायचं व्हतं. तक्रार करायची व्हती. बसायचं न्हाय.”

“कुणाकडे तक्रार? भाऊसाहेबाकडे?”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. खरं सांगते, गाव मला काय म्हणतंय याची मला फिकीर नव्हती, पण आबांची ती पाठ मला बघवेना. नवरा ड्युटीवर होता. आम्ही दोघंही उपाशीच राहिलो.

दुपारी तालुक्याहून शेलार हवालदार आले. पाटलांच्या ओसरीवर चहा पिऊन, तिथंच तक्रार ऐकून, मग आमच्या दारात. बरोबर जयवंतराव आणि भाऊसाहेब होतेच.

“राष्ट्रगीताचा अवमान,” हवालदार म्हणाले. “सरपंचपद जाईल बाई. वर खटला होईल तो वेगळाच. एकदा माफी मागून टाका गावासमोर.”

“दोरी माझी होती. ती यांनी घेतली. आधी त्याची माफी होऊ दे.”

जयवंतराव पुढे झाले. “हवालदार, आमच्यावर इश्वास ठेवू नका. ह्येंच्या घरातच साक्षीदार हाय. मेजरला विचारा. फौजी मानूस खोटं बोलायचा न्हाय.”

किती हुशार माणूस! गावातले पन्नास साक्षीदार सोडून त्यांनी माझ्या सासऱ्यावर बोट ठेवलं. आबा दारात येऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. एवढ्यानं तरी त्यांना सोपं जावं.

“मेजर, सूनबाई राष्ट्रगीताला बसून होती का?”

“व्हय,” आबा म्हणाले. “बसली व्हती.”

जयवंतरावांनी मान डोलावली. हवालदारांनी लिहून घेतलं.

“आता फुडचं लिवा,” आबा म्हणाले.

“पुढचं काय?”

“सरपंच हजर असताना दोरी ह्यानं वढली. तिनं मागितली, ह्यानं दिली न्हाय. लिवा.”

“ते तक्रारीत नाही, मेजर.”

“मग तक्रार अर्धीच हाय.”

हवालदारांनी पेनाचं टोपण लावलं. “उगा वाढवू नका. वय झालंय तुमचं.” आणि तिघंही परत पाटलांच्या ओसरीकडे गेले. आबा दारातच उभे होते. मला वाटलं ते आता माझ्याशी बोलतील. ते आत जाऊन पुन्हा खाटेवर पडले. सुनेच्या विरुद्ध खरं बोलले, पाटलाच्या विरुद्ध खरं बोलले, आणि दोन्हींचं त्यांना सारखंच दुःख होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मला फक्त संताप आला होता. सगळ्यांचा. त्यांचाही.

दिवस कलला तसा लहूभाऊ आला. लहूभाऊ म्हणजे पंचायतीचा शिपाई, आमच्याच वाड्यातला. त्याचा बापही पंचायतीचा शिपाई होता, आणि त्याच्या आधी त्याचा आजा गावचं हे असलंच काम करायचा, तेव्हा त्याला पगारही नव्हता.

“वहिनी, सांगून जावं म्हनलं,” तो दारातूनच म्हणाला. “सकाळचं वाईट झालं. मी चाललो झेंडा उतरवायला. दिवस बुडायच्या आत उतरवाया पायजे, न्हायतर भाऊसाहेब सोलून काढतील.”

“दरवर्षी तूच उतरवतोस?”

“मग? माज्या आधी बा उतरवायचा.”

“आणि पाटील?”

लहूभाऊ हसला. “पाटील कशाला येतील? सकाळी मान घिऊन गेलं की गेलं. उतरवायचं काय, हमाली ती.”

मी तिथंच उभी राहिले. इतकी वर्षं मी या गावात नांदत होते. दर पंधरा ऑगस्टला, दर सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा चढताना बघायचे आणि संध्याकाळी भाकरीला बसायचे. तो खाली कसा येतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

“लहूभाऊ,” मी म्हणाले, “आज हात लावायचा नाही.”

“आँ?”

“झेंड्याला. हात लावायचा नाही. घरी जाऊन चहा पी.”

“वहिनी, नोकरी जाईल माजी!”

“मी सरपंच आहे ना? मग हा सरपंचाचा हुकूम आहे. कुणी विचारलं तर सांग, बाईनं नको सांगितलं.”

सरपंच होऊन मला काही महिने झाले होते, आणि तो मी दिलेला पहिला हुकूम.

लहूभाऊ घाबरून आत बघायला लागला, कारण मागे आबा येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

“कुठं निघालात?” मी विचारलं.

“झेंडा उतरवायला. सकाळी एक इटंबना झाली. आता दुसरी हू देणार न्हाय. अंधारात झेंडा ऱ्हात नसतो.”

“तुम्ही हात लावायचा नाही, आबा.”

“वाट सोड.”

“सोडते. एक सांगा मग. काल तुम्ही मला एवढं शिकवलंत, दोरी कशी धरायची, झटका कसा द्यायचा, मान कुठं ठेवायची. उतरवायचा कसा, ते का नाही शिकवलंत?”

“त्ये शिकवाया कशाला लागतंय?” आबा चिडून म्हणाले. “उतरवायला तर आपलीच मान्सं…”

आणि ते थांबले.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. पाटलानं भर गावात दोरी दिली नाही तेव्हाही तो चेहरा असा झाला नव्हता. टोपी त्यांच्या हातातच राहिली. लहूभाऊ पायाकडे बघत होता. मग आबांनी टोपी घातली, आत जाऊन कोट चढवला, रुमाल सोडून पदकं परत छातीवर लावली.

“चल,” ते म्हणाले.

पटांगणात कुणी नव्हतं. सकाळची लाल खुर्ची कुणीतरी घेऊन गेलं होतं. खांबाच्या बुडाशी सिमेंटचा ओटा आहे, त्यावर मी बसले. आबा उभे होते. ते वर झेंड्याकडे बघत होते, मग डोंगराकडे, जिथं सूर्य टेकायला आला होता. मग त्यांनी दुखरा पाय लांब केला, हात टेकला, आणि माझ्या शेजारी बसले. झेंड्याखाली बसलेले आबा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

बातमी पसरायला गावात कितीसा वेळ लागतो! आमचा वाडा आला, मग माळ्यांची पोरं आली, मग बाकीचे. कुणी जवळ आलं नाही, सगळे कडेकडेनं उभे. शेवटी धापा टाकत भाऊसाहेब आले आणि पाठोपाठ हवालदार.

“ताई, अहो झेंडा!” भाऊसाहेब ओरडले. “सूर्य बुडतोय! तुम्ही सरपंच आहात, जबाबदारी तुमची आहे!”

“अरे वा! आता मी सरपंच? सकाळी माइकवर तो शब्द घशात अडकला होता तुमच्या.”

“लहू कुठाय? लहू! उतरव रे!”

“लहूभाऊ उतरवणार नाही. आबा उतरवणार नाहीत. मी उतरवणार नाही. आमच्या वाड्यातलं कुणीही दोरीला हात लावणार नाही. दोरी पाटलांची आहे. सत्तेचाळीस सालापासून. गावाला विचारा.”

हवालदारांनी आबांकडे बघितलं. “मेजर, तुम्ही तरी! फौजी माणूस तुम्ही!”

आबांनी सावकाश मान वर केली. “ज्यानं चढवला त्यानं उतरवायचा. फौजेत तसंच हाय. जावा, बोलवा त्याला.”

“आणि नाही आला तर?”

“तर लिवा. सकाळी लिवलं तसं. हितं बसून लिवा, वसरीवर नको.”

हवालदारांनी गर्दीकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं. अंधार पडला आणि झेंडा वर राहिला, तर जाब त्यांनाही विचारला जाणार, बंदोबस्ताचा पोलीस तेच होते. ते स्वतः पाटलांच्या घराकडे पळाले. पोटावरचा पट्टा सावरत पळणारा हवालदार आमच्या वाड्यानं पहिल्यांदा बघितला, आणि कुणी हसू दाबलं नाही.

जयवंतराव आले ते धोतराचा सोगा हातात धरून. पंक्तीतून उठून आले असावेत, मिशीला कढी लागली होती. पायांत चपला नव्हत्या.

“ही काय थेरं मांडलीत?” ते दुरूनच गरजले. “लहू! उतरव म्हनतो ना!”

लहूभाऊ जागचा हलला नाही. भीतीनं त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण हलला नाही.

“हे शिपायाचं काम हाय!” जयवंतराव माझ्यावर ओरडले. “पाटलानं झेंडा उतरवायचा? मी?”

“मान तुमचा ना?” मी म्हणाले. “मग सगळा घ्या. सकाळचा तुमचा आणि संध्याकाळचा आमचा, हे आजपासून बंद.”

ते गर्दीत बघायला लागले. भावकीतला कुणी पुढे येईल, एखादा गडी येईल. भावकीनं माना खाली घातल्या होत्या. पाटलांच्या हातातलं काम आपल्या हातात घेऊन शिपाई ठरायला कोण तयार होणार! शेलार हवालदार कानाशी लागून म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, “उतरवा हो पाटील. नाहीतर मला दोन्ही तक्रारी घ्याव्या लागतील.”

पुढे दिवाळीआधी माझ्यावर अविश्वासाचा ठराव आला आणि मंजूरही झाला. लहूभाऊची नोकरी मात्र कुणाला हलवता आली नाही, आणि माझ्यावरचा खटला कधी उभाच राहिला नाही. हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी एवढंच बघितलं की जयवंतराव पाटील अनवाणी पायांनी खांबाकडे आले आणि त्यांनी दोरीची गाठ सोडायला घेतली. ती त्यांना लवकर सुटेना. शेवटी दोरी मोकळी झाली. झेंडा हळूहळू खाली यायला लागला.

माझ्या शेजारी आबा उठले. गुडघ्यावर हात रोवून, दात आवळून, पण कुणाचा आधार न घेता. त्यांचा हात कपाळाला गेला.

मीही उठले. हात सरळ, मान वर. आमचा सगळा वाडा आधीपासून ताठ उभाच होता. कुणी गात नव्हतं, दोरीचा कुरकुर आवाज तेवढा येत होता. जयवंतराव ताठ उभे राहू शकत नव्हते, वाकून, दोन्ही हात पसरून त्यांना झेंडा झेलायचा होता.

तो त्यांच्या हातात आला तेव्हा मी हवालदारांकडे वळले.

“लिहा शेलार,” मी म्हणाले. “बाई उभी आहे.”